चौघांचा काटा

गुलाबी डोंगराच्या पायथ्याशी साखरपेठ नावाचं एक इवलंसं गाव होतं. थंडी पडली की तिथल्या पानापानांवर दवाचे टपोरे थेंब चमचमायचे, कौलांवर धुक्याची मऊमऊ दुलई पसरायची आणि गल्लीभर पाकाचा गोड गोड वास दरवळायचा. त्या गावात हलवा व्हायचा, संक्रांतीचा पांढराशुभ्र काटेरी हलवा. त्याचे मुकुट, हार आणि बाजूबंद करून राजवाड्यात पाठवले जायचे आणि राजाच्या घरची बाळं ते घालून बोरन्हाणाला बसायची.

एवढ्या गोड गावात राहून शेवू मात्र रोज तोंड कडू करून उठायची. तिचं पाळण्यातलं नाव शेवंता. वय वर्षं आठ. घर म्हणजे एक खोली, एक चूल आणि एक आई. फ्रॉकला हिरवं, पिवळं आणि जांभळं अशी तीन ठिगळं होती, आणि खरं सांगायचं तर फ्रॉकपेक्षा ठिगळंच जास्त छान दिसायची. थंडीत शेवूची बोटं गारठून जायची. मग तिची आई, यमुना, ती चिमुकली बोटं आपल्या तळव्यांत धरायची. आईचे तळवे बाराही महिने गरम असायचे. बघता बघता शेवूच्या बोटांत ऊब यायची आणि तिला परत झोप लागायची.

आणि तेच गरम तळवे आईच्या मुळावर आले होते.

हलवा कसा होतो ते आधी सांगते. मंद निखाऱ्यांवर परात ठेवायची. परातीत तीळ घालायचे, त्यावर चमचा चमचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ हलवत राहायचे. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. मग कुठे तिळाच्या अंगावर साखरेचे बारीक बारीक काटे उभे राहतात. निखारा भडकला तर काटा येत नाही, पाक चुकला तर येत नाही, आणि हलवणारीचे हात गरम असले तर आलेला काटाही वितळून जातो. आईचा वितळायचा. तिचा हलवा निघायचा गोल गोल, गुळगुळीत. कारखान्यात त्याला टकलू हलवा म्हणत.

कारखान्याच्या मुकादम होत्या बायजाबाई. उंच, ताठ, नाकात टपोऱ्या मोत्यांची नथ आणि कपाळाला कायमची आठी. दर शनिवारी संध्याकाळी त्या प्रत्येक परातीतला एक दाणा उचलायच्या आणि आपल्या गालावर घासायच्या. टोचला तर मान हलवायच्या. नाही टोचला तर "टकलू" एवढंच म्हणायच्या आणि पुढे सरकायच्या. ज्याचा हलवा टकलू, त्यानं दुसऱ्या दिवसापासून मागच्या अंगणात, टकलूंच्या रांगेत बसायचं. आणि तीन शनिवार टकलू निघाले की त्याची परात त्याच्याच उंबऱ्यावर पालथी घातली जायची. गल्लीतली घरं कारागिरांची होती. पालथी परात म्हणजे घर सोडायचं, गावही सोडायचं.

आता मला सांगा, चाळीस माणसं, चाळीस तऱ्हेचे हात, आणि सगळ्यांनी एकच काम एकाच पद्धतीनं करायचं, हा कुठला न्याय? पण 'एक माणूस, एक परात' हा कारखान्याचा नियम होता. तो कुणी केला, कधी केला, कुणालाच आठवत नव्हतं. असले नियम फार माजोरी असतात. आपल्याला कुणी विचारत नाही म्हटल्यावर ते आणखीच पाय पसरतात.

आईचे दोन शनिवार टकलू गेले होते. तिसरा तीन दिवसांवर आला होता.

त्या बुधवारी सकाळी शेवू काटक्या गोळा करायला बोरबनात गेली. सगळं बन सोनेरी उन्हात न्हाऊन निघालं होतं. मधोमध एक म्हातारं बोरीचं झाड होतं, हिरव्या, पिवळ्या आणि लालचुटुक बोरांनी लगडलेलं. चार-पाच पोरं त्याच्यावर धोंडे भिरकावत होती. बोरं पडत होती थोडी, फांद्या मोडत होत्या फार. शेवूनं काटक्या खाली टाकल्या आणि ती झाडाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभी राहिली. पोरांनी तिला बाजूला हो म्हणून सांगून पाहिलं, दटावून पाहिलं. ती हलली नाही. एक दगड तिच्या खांद्याला लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी ती हलली नाही. शेवटी पोरंच कंटाळली आणि निघून गेली.

तेवढ्यात वरच्या फांदीवर काहीतरी लुकलुकलं. बोराएवढी, खरंच बोराएवढी एक परी टुणकन उडी मारून शेवूच्या ठिगळावर येऊन बसली. तिचा झगा एका बाजूनं हिरवा, दुसऱ्या बाजूनं लाल. पंख पातळ आणि झिरझिरीत, त्यांतून ऊन गेलं की जमिनीवर इंद्रधनुष्याचे इवलेसे तुकडे सांडत होते.

"तू हललीस का नाहीस?" परीनं विचारलं.

"झाडाला हलता येत नव्हतं म्हणून," शेवू म्हणाली.

परीला हे उत्तर फार आवडलं. तिनं झग्याच्या खिशातून हलव्याचे तीन दाणे काढले, एक पांढरा, एक केशरी आणि एक गुलाबी. गुलाबी दाणा गुळगुळीत होता. त्याला काटाच येईना म्हणून तसाच आणलाय, असं ती थोडी लाजून म्हणाली. मग तिनं नियम सांगितले. दाणा जिभेखाली धरायचा आणि इच्छा बोलायची. स्वतःसाठी काही मागायचं नाही. एका दाण्याला एकच माणूस. आणि दाणा विरघळला की झालं ते झालं. परत फिरवायचं असेल तर दुसरा दाणा खर्ची घालायचा.

शेवूला विचार करायची गरजच वाटली नाही. तिनं पांढरा दाणा जिभेखाली धरला आणि म्हणाली, "माझ्या आईचे हात गार होऊ देत, सगळ्या कारागिरांसारखे."

परीनं नक्की का म्हणून विचारलं. शेवूनं जोरजोरात मान हलवली. दाणा विरघळला.

दुपारी भाकरी घेऊन शेवू कारखान्यात गेली, ती उड्या मारतच. आणि खरंच, आईच्या परातीत नुसतं चांदणं फुललं होतं. एका सकाळीत काटा आला होता, टोकदार, चमकदार. बायजाबाईंनी दाणा गालावर घासला आणि त्यांची भुवई वर गेली. हा काटा शनिवारपर्यंत टिकला तर रविवारपासून पुढच्या दालनात बसायचं, असं त्या आईला सांगून गेल्या.

पण पुढच्या दालनात काहीतरी भलतंच चाललं होतं. ठमाकाकू, म्हणजे कारखान्यातल्या सगळ्यांत नावाजलेल्या कारागीर, कपाळाला हात लावून बसल्या होत्या. त्यांच्या परातीतल्या तिळांचा चिकट चिखल झाला होता. शेजारणीच्या परातीतही चिखल. ओळीनं सगळीकडे चिखल. शेवूला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. रोज सकाळी मोठ्या कढईत पाक उकळला की ठमाकाकू पळीभर पाक घेऊन मागच्या अंगणात यायच्या आणि हळूच म्हणायच्या, यमुने, जरा पाक बघ गं. आई कढत पाकाचा थेंब दोन बोटांत धरायची, बोटं उघडून तार बघायची आणि सांगायची, झाला किंवा नाही झाला. तिच्या गरम बोटांना तो थेंब खरं सांगायचा. आज बोटं गार होती. थेंब त्यांना लागताच घट्ट झाला, तार लवकर आली, आणि आईनं कच्च्या पाकाला झाला म्हटलं. पुढच्या दालनातल्या सगळ्या पराती एका थेंबानं फसल्या होत्या; वराच्या जादूनं वाचली ती आईची एकटीची.

संध्याकाळी शेवूनं नेहमीसारखे आपले हात आईच्या हातांत दिले. गार हात गार हातांत जाऊन बसले. आईनं तळवे चुलीपाशी धरले, एकमेकांवर चोळले, पदरात गुंडाळले. काही होईना.

"हे माझे हात वाटतच नाहीत गं, शेवू," आई म्हणाली. "कुणा परक्या बाईचे आणून जोडल्यासारखे वाटतात."

शेवू पांघरुणात तोंड खुपसून रडली. आधी तिला वाईट वाटलं, आणि मग तिला राग आला. खूप राग आला.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत ती बोरीखाली जाऊन उभी राहिली. झाडाच्या प्रत्येक काट्याच्या टोकावर दवाचा एकेक थेंब लटकत होता. लाखो थेंब, आणि एकही खाली पडलेला नाही. एरवी शेवू तोंड उघडं टाकून बघत बसली असती. आज तिनं परीला खाली बोलावलं आणि केशरी दाणा जिभेखाली टाकला.

"माझ्या आईचे हात होते तसे होऊ देत," ती म्हणाली, आणि दाणा विरघळल्यावर पुढे म्हणाली, "तू मला फसवलंस."

परीचे पंख मिटले. ती खालच्या आवाजात म्हणाली की तिनं फसवलं नव्हतं, मागितलं तेच दिलं होतं. पण तिचे वर नेहमी असेच वाकडे पडतात. पऱ्यांच्या राज्यात प्रत्येक परीला वर देता यायलाच हवा. जिला नीट जमत नाही तिला कुठल्यातरी काटेरी झाडावर बसवून ठेवतात, जमेपर्यंत.

"म्हणजे तूसुद्धा टकलू रांगेतली," शेवू म्हणाली.

परीनं मान हलवली. मग परीनं सुचवलं की अजून गुलाबी दाणा आहे. त्यानं एका माणसाला वाचवता येईल. मागच्या अंगणात आईशिवाय आणखी दोघं होती, धोंडूमामा आणि अंबूमावशी, त्यांचेही दोन-दोन शनिवार टकलू गेले होते. शेवूनं तिघांतलं एक निवडावं.

शेवूनं पाय आपटला. पायाखालच्या दोन बोरांचा चेंदामेंदा झाला.

"मी कुणालाही निवडणार नाही. आणि मला आई बदलून नको. मला नियम बदलून हवा."

"नियम बदलायची ताकद परीत नसते, शेवू," परी म्हणाली. "ती हट्टी माणसांत असते."

"मग मी हट्टी आहे," शेवू म्हणाली. तिनं गुलाबी दाणा फ्रॉकच्या टोकात घट्ट बांधला आणि ती तडक कारखान्याच्या मागच्या अंगणात गेली.

तिथं निंबाखाली तिघांच्या तीन पराती होत्या. धोंडूमामा होते डोंगराएवढे आणि बोटं केळ्यांएवढी. हलवता हलवता तीळ त्यांच्या बोटांखाली भरडले जायचे. अंबूमावशी होती काडीसारखी बारीक आणि तिचं लक्ष कधी परातीत नसायचंच. पाक वाळून गोळे होईपर्यंत ती जमिनीवर तिळांची नक्षी मांडत बसायची. आणि आई होतीच. तिचे तळवे आता पुन्हा गरम झाले होते, बुधवारचा काटा वितळून गेला होता आणि शनिवार दोन दिवसांवर आला होता, तरी सकाळपासून ती आपल्या हातांकडे बघून हसत होती.

शेवूनं तिघांनाही एकच प्रश्न विचारला. "कुणी रागावत नसतं, तेव्हा तुम्ही काय करता?"

असलं काही त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. धोंडूमामा बराच वेळ डोकं खाजवत बसले. मग म्हणाले, मी आपला शेगड्या बघत हिंडतो. निखारा भडकला की त्यावर चिमूटभर राख घालायची, निवला की अलगद फुंकर. चाळीस शेगड्या आहेत, दिवसातून चार फेऱ्या होतात. अंबूमावशी म्हणाली की बायका जेवायला बसल्या की त्यांचे तीळ निवडून देते. बारका बाजूला, मोठा बाजूला, खडा बाहेर. तिला ते बघताक्षणी वेगळे दिसतात. आईनं काही सांगायची गरजच नव्हती.

"आणि हे बायजाबाईंना माहीत आहे?" शेवूनं विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हे काय काम आहे का, असं धोंडूमामा म्हणाले. काम म्हणजे काटा.

मग शेवूनं तिच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी आगळीक केली. दोन पराती उचलून भिंतीला टेकवून ठेवल्या आणि एकच परात मधे ठेवली. आई घाबरली. एका परातीत दोघांचे हात म्हणजे सरळ सरळ नियमभंग. पण शेवू ऐकेना. तिनं विचारलं की शनिवारी परात पालथी होणारच आहे, तर निदान एकदा ती भरून तरी बघू.

अंबूमावशीनं तीळ निवडले, एकासारखा एक. धोंडूमामांनी शेगडीत निखारे मांडले आणि राखेचं पातळ पांघरूण घातलं. आईनं पाक केला, बोटांत तार धरून, एक क्षण अलीकडे नाही की पलीकडे नाही. आणि हलवायला बसली शेवू, कारण बर्फासारखी बोटं त्या अंगणात तिचीच होती. अंबूमावशी तिळांवर नजर लावून बसायची. ओली चकाकी गेली की ती म्हणायची, आता, आणि आई एक चमचा पाक सोडायची. गुरुवार गेला. शुक्रवारी तिळांवर पांढरी साय धरली. बुधवारच्या चिखलानंतर बायजाबाई पुढच्या दालनातच अडकून पडल्या होत्या, त्यामुळे कुणी अडवलं नाही. शनिवारी दुपारी, निंबाच्या पानांतून उन्हाचे कवडसे परातीत पडलेले असताना, अंबूमावशीनं एकदम आईचा हात धरला.

इवले इवले, नाजूक नाजूक काटे उभे राहिले होते. प्रत्येक तिळावर, सगळीकडून सारखे. त्यांच्यावर ऊन पडलं की परात लुकलुकायची. धोंडूमामांनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि राख गेली म्हणाले.

संध्याकाळ झाली. बायजाबाई मागच्या अंगणात आल्या आणि जागच्या जागी थांबल्या. एक परात, भोवती तीन कारागीर, आणि परातीत लहान मुलीचा हात.

"ही कुणाची परात?" त्यांनी विचारलं.

"आमची," शेवू म्हणाली.

"आमची असं काही नसतं. एक माणूस, एक परात." बायजाबाईंचा आवाज चढला नाही, त्यामुळे आणखीच भीती वाटली. त्यांनी सांगितलं की नियम मोडला आहे, तेव्हा हलवा बघायचाही प्रश्न नाही. तिघांच्या पराती उद्या सकाळी तिघांच्या उंबऱ्यावर पालथ्या पडतील.

आई त्यांचे पाय धरायला वाकली. शेवूनं तिचा पदर घट्ट ओढून धरला. मग तिनं परातीतला एक दाणा उचलला आणि आपल्याच गालावर घासला. गालावर बारीक लाल रेघ उमटली.

"टोचला," ती म्हणाली.

"टोचला असेल. पण काटा कुणाचा? मी नाव कुणाचं घेऊ?"

"चौघांचं घ्या."

"चौघांचा काटा नसतो," बायजाबाई म्हणाल्या आणि पाठ फिरवून पुढच्या दालनाकडे चालू लागल्या.

अंगणाकडच्या दालनाच्या खिडकीवर काहीतरी लुकलुकलं. बोरपरी तिथं येऊन बसली होती. ती शेवूच्या फ्रॉकच्या गाठीकडे बोट दाखवून खुणावत होती. आत्ता माग, निदान आईला तरी वाचव. शेवूचा हात गाठीपाशी गेलासुद्धा. आईला उद्या थंडीत कुठे नेणार, हे तिला माहीत नव्हतं. पण तिनं धोंडूमामांकडे पाहिलं, अंबूमावशीकडे पाहिलं आणि हात काढून घेतला. मग ती बायजाबाईंच्या शेजारून धावत पुढे गेली आणि दालनाच्या मधोमध एका पाटावर चढून उभी राहिली.

"ज्यांचा काटा एकट्यांचा आहे, त्यांनी हात वर करा," ती म्हणाली.

कारागीर हसले. सगळ्यांचे हात वर गेले. काहींनी तर दोन्ही वर केले.

"आता ज्यांनी माझ्या आईला कधीच पाक दाखवला नाही, त्यांनीच हात वर ठेवा."

हसणं थांबलं. एक हात खाली आला, मग दुसरा, मग भराभर पुष्कळ.

"ज्यांच्या शेगडीवर धोंडूमामांनी राख घातली नाही, त्यांनीच ठेवा. ज्यांचे तीळ अंबूमावशीनं निवडले नाहीत, त्यांनीच ठेवा."

दालनात एकही हात वर राहिला नाही.

ठमाकाकू उठल्या. त्या बायजाबाईंसमोर कधी मान वर करून बोलल्या नव्हत्या; आज बोलल्या. "बाई, माझा काटा राजवाड्यात नावाजलेला. पण बुधवारी यमुनेचा अंदाज चुकला आणि माझ्या परातीचा चिखल झाला. मग तो काटा माझा एकटीचा कसा?" त्यांनी आपला हलवा टोपलीत ओतला आणि रिकामी परात जमिनीवर पालथी घातली. "घालायची तर माझीही घाला."

ठण्ण असा आवाज झाला. शेजारणीनं आपली परात पालथी घातली. मग तिच्या शेजारणीनं. ठण्ण, ठण्ण, ठण्ण, असं सगळं दालन वाजत गेलं. राजवाड्याचा मुकुट अजून व्हायचा होता, संक्रांत तोंडावर आली होती, आणि कारखान्यात एकही परात सुलटी नव्हती. मागच्या अंगणातली तेवढी होती.

बायजाबाई मागच्या अंगणात गेल्या. निंबाखालच्या परातीतला एक दाणा त्यांनी उचलला आणि गालावर घासला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. टोचल्यामुळे इतकं पाणी येत नाही.

"माझ्या पहिल्या मुकुटाचे निखारे माझी धाकटी बहीण सांभाळायची," त्या म्हणाल्या. "तिचा हलवा टकलू निघायचा. तिसऱ्या शनिवारी तिची परात पालथी पडली आणि मी मान खाली घालून काटे काढत बसले. तिचं नाव मी कधीच घेतलं नाही."

तिचं नाव काय होतं, असं शेवूनं विचारलं.

"कृष्णा," बायजाबाई म्हणाल्या. कपाळावरची आठी पहिल्यांदाच सुटली होती. मग त्यांनी खाली वाकून स्वतःच्या हातांनी एकेक परात सुलटी करायला सुरुवात केली. चाळीस जणांनी हात लावला, तेव्हा ते काम चटकन झालं.

रविवारपासून मागचं अंगण रिकामं झालं. आई मोठ्या कढईपाशी बसली आणि तिनं झाला म्हटल्याशिवाय पाक उतरेना. धोंडूमामांना चाळीस शेगड्यांचं राज्य मिळालं. अंबूमावशीनं जमिनीवरची नक्षी उचलून मुकुटावर मांडली, आतून मऊ कापूस लावला, आणि असा मुकुट राजवाड्यानं कधी पाहिला नव्हता. बायजाबाई अजूनही शनिवारी दाणा गालावर घासतात. दाणा टोचला नाही तर त्या आता विचारतात की यात कुणाचा हात कमी पडला, आणि टोचला तर सगळ्यांची नावं घेतात. शेवूला मात्र त्यांनी परातीपासून उठवलं आणि शाळेत पाठवलं.

पण शेवूच्या फ्रॉकमधली गाठ अजून सुटायची होती. रविवारी पहाटे ती बोरीखाली गेली. दव पडलं होतं, काट्याकाट्यावर थेंब लटकले होते. परी एका फांदीच्या टोकाला हिरमुसून बसली होती. तिचा पहिला वर वाकडा गेला होता, दुसरा तो निस्तरण्यात खर्ची पडला होता आणि तिसरा तर कुणी मागितलाच नव्हता.

शेवूनं तिलाही तोच प्रश्न विचारला. "कुणी रागावत नसतं, तेव्हा तू काय करतेस?"

परी लाजली. म्हणाली, काही नाही, उगीच आपलं, पहाटे काट्यांवर दव लावत बसते. एकेक थेंब अलगद. पण तो खेळ झाला, काम म्हणजे वर देणं.

शेवूनं त्या लाखो थेंबांकडे पाहिलं. एकही खाली पडलेला नव्हता. तिनं गाठ सोडली आणि गुळगुळीत गुलाबी दाणा जिभेखाली धरला.

"अगं, एका दाण्याला एक माणूस," परी घाबरून म्हणाली. "मी माणूस नाही."

"मग नियमात तुझ्याबद्दल काहीच नाही. म्हणजे मनाईही नाही," शेवू म्हणाली. "या परीला दवाचं काम मिळू दे, आणि पऱ्यांच्या राज्यात तिला टकलू म्हणायची कुणाची छाती होऊ नये."

दाणा विरघळला. परीचे पंख आधी गुलाबी झाले, मग सोनेरी, मग बघवेनात इतके झगझगीत. बोरीवरचे सगळे थेंब एकदम पेटले. परीनं शेवूच्या नाकाच्या शेंड्यावर एक थेंब ठेवला आणि ती उजेडात उजेड होऊन गेली. तिनं दिलेला हा वर एवढासुद्धा वाकडा गेला नाही.

शेवू घरी आली तेव्हा तिची बोटं गारठून लालेलाल झाली होती. आईनं ती आपल्या गरम तळव्यांत धरली. शेवूनं नाकावरचा थेंब पुसला नाही.

गोष्ट इथं जिभेवर विरघळली. गोड लागली असेल तर ती चौघांची, आणि कुठे टोचली असेल तर गालाला हात लावून बघा, आपण कुणाचं नाव घ्यायचं राहिलंय.